नौकेवरील बॅटरी चार्जर

नौकेवरील बॅटरी चार्जर म्हणजे किनाऱ्यावरून मिळणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे दिष्ट विजेत रूपांतर करून नौकेवरील बॅटऱ्या प्रभारित करणारे उपकरण होय. हौशी जलविहाराच्या नौकेवर सामान्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी दिवे, रेडिओ, दिशादर्शक उपकरणे, फ्रिज व पंप यांसाठी. दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीवरच नौकेच्या तळात साठणारे पाणी उपसणारा पंपही अवलंबून असतो. माणसे नसलेल्या, बांधून ठेवलेल्या नौकेत पाणी झिरपत असता ही बॅटरी उतरली, तर नौका बुडू शकते. त्यामुळे चार्जरची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

प्रभारणाचे टप्पे

शिसे-आम्ल बॅटरी नीट भरावयाची तर तिला सर्व वेळ एकच व्होल्टेज देऊन चालत नाही. चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. ‘बल्क’ या पहिल्या टप्प्यात तो आपल्या क्षमतेइतका पूर्ण प्रवाह देतो व बॅटरी सुमारे ८० टक्के भरते. ‘ॲब्सॉर्प्शन’ या दुसऱ्या टप्प्यात व्होल्टेज स्थिर राहते आणि प्रवाह हळूहळू कमी होतो. शेवटचे २० टक्के भरण्यास पहिल्या ८० टक्क्यांइतका, पुष्कळदा त्याहून अधिक वेळ लागतो. ‘फ्लोट’ या तिसऱ्या टप्प्यात केवळ भरलेली बॅटरी भरलेली राहील एवढेच व्होल्टेज दिले जाते.

दुसरा टप्पा वारंवार अपुरा राहिला, तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. उलट व्होल्टेज जास्त राहिले, तर पाण्याचे अपघटन होऊन बॅटरी कोरडी पडते. गॅरेजमधील साधा चार्जर दिवसेंदिवस जोडून ठेवल्यास हाच दुसरा दोष उद्भवतो.

बॅटरीचा प्रकार

१२ व्होल्टच्या, पाणी घालावयाच्या बॅटरीस दुसऱ्या टप्प्यात साधारणतः १४.४ ते १४.८ व्होल्ट आणि फ्लोटमध्ये १३.२ ते १३.६ व्होल्ट लागतात. काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेल्या ‘एजीएम’ बॅटरीचे आकडे याच्या आसपास असतात. जेल बॅटरीस मात्र सुमारे १४.१ ते १४.२ व्होल्टपेक्षा अधिक देऊ नये. जेलमध्ये वायूचे बुडबुडे अडकले की ते पुन्हा निघत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीस सुमारे १४.२ ते १४.६ व्होल्ट चालतात, परंतु तिला दीर्घकाळ फ्लोटवर ठेवण्याची गरज नसते. शून्य अंश सेल्सिअसखाली तिचे प्रभारण करीत नाहीत. उत्पादकाने दिलेले आकडे या सर्वसाधारण आकड्यांहून नेहमीच अधिक प्रमाण मानावेत. एकाच चार्जरवर दोन भिन्न प्रकारच्या बॅटऱ्या एकाच मांडणीत जोडणे अयोग्य होय.

हे आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असतात. तापमान वाढले की शिसे-आम्ल बॅटरीस कमी व्होल्टेज पुरते. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी हा फरक दर अंशास सुमारे ०.०२ ते ०.०३ व्होल्ट इतका असतो. इंजिनाशेजारच्या कप्प्यात ४० अंश तापमान असल्यास व्होल्टेज ०.३ ते ०.४५ व्होल्टने उतरावयास हवे. म्हणून कोकण-गोव्यासारख्या उष्ण किनाऱ्यावर बॅटरीला चिकटविण्याचा तापमान संवेदक असलेला चार्जर घेणे हिताचे. थंड देशांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत या मुद्द्यावर फारसा भर नसतो.

क्षमता

पाणी घालावयाच्या बॅटरीसाठी चार्जरचा प्रवाह एकूण क्षमतेच्या १० ते २० टक्के असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. समजा, २०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली आहे, चार्जर ३० अँपिअरचा आहे आणि त्याच वेळी फ्रिज व दिवे मिळून ५ अँपिअर घेत आहेत. म्हणजे बॅटरीच्या वाट्यास २५ अँपिअर येतात. ८० टक्क्यांपर्यंतचे ६० अँपिअर-तास भरण्यास अडीच तास व उरलेल्यासाठी आणखी तीन ते पाच तास लागतील. किनाऱ्यावर दोनच तास थांबणाऱ्या नौकेची बॅटरी कितीही मोठा चार्जर आणला तरी पूर्ण भरणार नाही.

बसविणे

चार्जर बॅटरीजवळ, परंतु तिच्या थेट वर नसावा. आम्लाची वाफ त्याचे भाग खाते. जागा कोरडी व हवेशीर असावी. प्रभारणात निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो; तो हलका असल्याने बॅटरीच्या कप्प्यास वरच्या बाजूने वाट ठेवतात. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात ठिणगीपासून सुरक्षित असे प्रमाणित उपकरणच बसवावे. त्यासाठी आयएसओ ८८४६ हे मानक आहे.

तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या व बहुपदरी असाव्यात; खाऱ्या हवेत साधे तांबे लवकर काळे पडते. तारेची जाडी हा बहुधा दुर्लक्षित विषय आहे. चार्जर बॅटरीपासून ३ मीटरवर असेल, तर जाण्या-येण्याची तार ६ मीटर होते. ३० अँपिअर प्रवाहास ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. चार्जर १४.४ दाखवितो, बॅटरीस १३.९ मिळतात आणि प्रभारण रेंगाळते. १६ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही घट ०.२ व्होल्टवर येते.

धन तारेतील फ्यूज बॅटरीच्या टोकाशी बसवावा. चार्जर ३० अँपिअरच देऊ शकतो, पण तार कोठे घासून उघडी पडली, तर बॅटरी हजाराहून अधिक अँपिअर ओतू शकते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात, काही अपवाद वगळता, हे अंतर ७ इंचांपर्यंत मर्यादित आहे.

किनाऱ्यावरची वीज

किनाऱ्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा. जोडणीतील अर्थिंगच्या तारेमुळे शेजारशेजारच्या नौकांचे धातुभाग एकमेकांस जोडले जातात. खाऱ्या पाण्यात भिन्न धातूंचा घट तयार होऊन एखाद्या नौकेचा संरक्षक जस्त काही आठवड्यांतही झिजू शकतो. यावर उपाय म्हणून अर्थिंगची तार कापून टाकणे प्राणघातक ठरू शकते. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हा अल्प दिष्ट प्रवाह अडवून दोषप्रवाहास मात्र वाट देतो. विलगक ट्रान्सफॉर्मर अधिक खात्रीचा, पण जड व महाग असतो.

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या नौकांप्रमाणे जेथे किनाऱ्याशी तार जोडता येत नाही, तेथे इंजिनाचा अल्टरनेटर व सौर पॅनेल यांवरच भिस्त असते. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये दिष्ट-ते-दिष्ट चार्जर बसवितात.

पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर काढताना शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून ऋण तार सोडावी व दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियम बॅटरी मात्र निम्मी भरलेली ठेवतात.