एरंडेल, शर्यत आणि एक टायपिस्ट मुलगी

आजचा विषय इंजिन ऑइलचा आहे म्हटलं की निम्म्या जणी रेडिओ बंद करतील. जरा थांबा. एरंडाचं गुऱ्हाळ लावणार नाही, पण बोलणार आहे ते एरंडाबद्दलच.

आपल्या कारध्यात वैनगंगेच्या पुलावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. हमरस्त्यालगतच्या दुकानांत ऑइलचे डबे मांडलेले असतात, त्यांत कॅस्ट्रॉलचा डबा हमखास असतो. एरंडेलाला इंग्रजीत ‘कॅस्टर ऑइल’ म्हणतात, आणि कॅस्ट्रॉल हे नाव आलं त्यातूनच. लहानपणी आजीनं नाक दाबून पाजलेलं तेच ते एरंडेल! आमचे आबा शंकरपटाच्या आदल्या रात्री छकड्याच्या आसाला एरंडेलाचं वंगण द्यायचे आणि चाक हातानं फिरवून कान लावायचे. चाक कुरकुरलं की पुन्हा वंगण. म्हणजे शर्यतीला एरंडेल लागतं हे आपल्याकडे इंजिन यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

चार्ल्स वेकफिल्ड या इंग्रज गृहस्थानं १८९९ साली लंडनमध्ये वंगणाची कंपनी काढली. आधी रेल्वे आणि मोठ्या यंत्रांसाठी तेल विकलं. मग मोटारी आल्या, विमानं आली. या नव्या इंजिनांना असं तेल हवं होतं, जे थंडीत वाहतं राहील आणि तापल्यावरही टिकेल. कंपनीनं त्यात एरंडेल मिसळलं आणि १९०९ मध्ये ‘कॅस्ट्रॉल’ नाव घेतलं. एरंडेल धातूला घट्ट धरून राहतं आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांत सबंध इंजिनच गरगर फिरायचं, त्यांना हेच तेल लागे. न जळलेलं तेल उडून वैमानिकाच्या तोंडावर येई आणि बिचाऱ्याचं पोट बिघडे, असं सांगतात. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको! दोष एकच, ते इंजिनात चिकट थर धरतं, म्हणून इंजिन वरचेवर उघडून साफ करावं लागे. शर्यतवाल्यांना त्याचं काही वाटत नसे. रोज गाडी चालवणाऱ्याला मात्र ते परवडणारं नव्हतं.

आता शर्यतीचं. तेल इंजिनाच्या पोटात जातं, ते चांगलं की वाईट हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. वेकफिल्डनं हे बरोबर ओळखलं. त्यानं शर्यतींना, विमानांच्या मेळ्यांना, वेगाच्या विक्रमांना पैसा दिला. विक्रम झाला की लगेच जाहिरात: अमक्यानं आमचंच तेल वापरलं. १९२९ मध्ये हेन्री सीग्रेव्हनं अमेरिकेत डेटोनाच्या वाळूवर ताशी ३७२ किलोमीटरनं गाडी पळवली, तीही कॅस्ट्रॉलवर.

पण मला सांगायची आहे ती एमी जॉन्सनची गोष्ट. हल गावच्या मासळी व्यापाऱ्याची ही मुलगी लंडनला वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिनं विमान चालवायचा परवाना काढला आणि विमानाचं इंजिन दुरुस्त करण्याचाही काढला. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटी जाते म्हणाली, तर पैसे द्यायला कोणी तयार होईना. शेवटी विमान खात्याचे प्रमुख सेफ्टन ब्रँकर यांनी शब्द टाकला. ६०० पौंडांचं जुनं विमान घेतलं, निम्मे पैसे वडिलांनी दिले, निम्मे वेकफिल्डनं.

५ मे १९३० ला ती निघाली. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर इकडे गुजरातेत, दांडीजवळच्या कराडीला, गांधीजींना अटक झाली होती. सहाव्या दिवशी एमी कराचीला पोचली. पुढे अलाहाबाद गाठायचं होतं, पण पेट्रोल संपत आलं आणि ती झाशीच्या परेड मैदानावर उतरली. राणीच्या झाशीत, बघा! २४ मेला ती ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली. तिथवर एकटीनं उडत गेलेली ती पहिली बाई. वय २६.

मग तीनच आठवड्यांनी, १३ जूनला, विंडरमियर तळ्यावर सीग्रेव्ह वेकफिल्डच्याच पैशांच्या बोटीतून पाण्यावरचा विक्रम करायला गेला. विक्रम झाला आणि बोट उलटली. सोबतचा अभियंता बुडाला. सीग्रेव्हला बाहेर काढलं, त्यानं साथीदारांची चौकशी केली आणि दोन-अडीच तासांत प्राण सोडला. वेकफिल्डनं बोट वर काढून दुरुस्त करवली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या चालकानं तिच्यातून पुन्हा विक्रम केला. हे मला पचत नाही. एमीला मिळालेले पैसे आणि ही बोट, दोन्ही एकाच थैलीतून आलेले.

जानेवारी १९४१ मध्ये युद्धाचं विमान पोचवताना एमी थेम्सच्या मुखाशी पडली आणि बुडाली. दहा दिवसांनी वेकफिल्डही गेला.

पुढे कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. १९६६ मध्ये बर्मा ऑइलनं घेतली, २००० मध्ये बीपीनं. शर्यत सुटली नाही. १९९५ साली तर कॅस्ट्रॉलचं नाव मिरवणारा टोयोटाचा रॅलीचा संघ इंजिनातल्या चलाखीसाठी पकडला गेला आणि वर्षभर बाहेर बसला. आपल्याकडे हे तेल १९१० पासून येतं. आता कंपनीचं मुख्यालय मुंबईत आहे आणि रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला कारखाना आहे.

आज दुकानात मिळणाऱ्या डब्यातलं तेल बहुतेक खनिज किंवा कारखान्यात तयार केलेलं असतं, एरंडेल उरलंय ते नावात. जगातला सर्वांत जास्त एरंड मात्र अजून भारतातच पिकतो, त्यातही गुजरातेत. मागच्या महिन्यात स्कूटी दुरुस्तीला नेली तेव्हा मिस्त्रीनं शर्यतीच्या गाडीचं चित्र असलेला महाग डबा पुढे केला. मी म्हटलं, भाऊ, गाडीच्या पुस्तकात कोणत्या नंबरचं लिहिलंय ते बघा आधी. पुस्तक डिक्कीतच होतं.