तिकीट काढलं, पण स्वतःसाठी नाही! संडरलँडच्या चाहत्यांनी काय केलं होतं?
इंग्लंडचा संडरलँड क्लब २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरला, २०१८ मध्ये आणखी एक पायरी खाली आला. अशा वेळी स्टेडियम ओस पडायला हवं. घडलं उलटंच.

२६ डिसेंबर २०१८ ला ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध घरच्या मैदानावर सामना होता. चाहत्यांनी जादा तिकिटं काढली आणि गरीब घरांतल्या मुलांसाठी दिली. जहाजबांधणी आणि कोळसा खाणी बंद पडलेलं हे शहर. ‘स्टेडियम ऑफ लाइट’ही जुन्या खाणीच्याच जागेवर उभं आहे. इथे पोरांना मॅच दाखवणं अनेकांच्या खिशाला झेपत नाही.

गर्दी वाढवण्यात क्लबचाही स्वार्थ होताच, नेटफ्लिक्सच्या ‘संडरलँड टिल आय डाय’मध्ये तो खटाटोप दिसतो. प्रेक्षक आले ४६,०३९, तिसऱ्या श्रेणीतल्या लीग वनचा तेव्हाचा विक्रम. संडरलँड १-० ने जिंकलं.