शब्दांच्या आठ जाती: अलेक्झांड्रिया ते मराठी शाळा

मरोळमधील मराठी शाळेतला विद्यार्थी ‘नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद…’ अशी यादी पाठ करतो. शेजारच्या इंग्रजी शाळेतला विद्यार्थी ‘नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब…’ म्हणतो. दोघांची यादी आठावर संपते. मराठी आणि इंग्रजी या इतक्या भिन्न वळणाच्या भाषा. मग शब्दांचे गट दोन्हीकडे आठच कसे? आजचा धागा या आकड्याच्या प्रवासाविषयी आहे.

प्रथम आपल्या घरची परंपरा पाहू. यास्काच्या ‘निरुक्ता’त शब्दांचे प्रकार चार आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीने पदे दोनच मानली, सुबन्त आणि तिङन्त. अव्ययेसुद्धा त्याने सुबन्तातच बसवली, त्यांचा प्रत्यय लोप पावतो असे सांगून. म्हणजे आठ हा आकडा संस्कृतातून आलेला नाही.

तो आला ग्रीकांकडून. अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील डायोनिसिअस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणग्रंथात आठ शब्दजाती आहेत. त्यांत ग्रीक भाषेचे उपपद, म्हणजे ‘आर्टिकल’, होते. केवलप्रयोगी मात्र स्वतंत्र नव्हते. रोमनांनी हा साचा लॅटिनला लावला तेव्हा पंचाईत झाली, कारण लॅटिनमध्ये उपपदच नाही. एक जात गळली. तेव्हा उद्गारवाचक शब्दांना वेगळे आसन मिळाले आणि बेरीज पुन्हा आठ झाली! आकडा टिकला, आतला ऐवज बदलला.

हा लॅटिन साचा आपल्या किनाऱ्यावर आला तो जेझुइटांबरोबर. मरोळलगत, आजच्या सीप्झच्या आवारात, जेझुइटांनी बांधलेल्या जुन्या चर्चचे भग्नावशेष आहेत. त्याचे बांधकाम १५७९ सालचे सांगतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. त्यांचे कार्यक्षेत्रही साष्टीच, पण ती गोव्याची साष्टी. मरोळ ज्या साष्टी बेटावर आहे ती नव्हे. (या नामसाम्याने भल्याभल्यांना चकवले आहे.) मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या या इंग्रज पाद्र्याने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले, तेही लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राचोलला छापले गेले. भारतीय भाषेच्या छापील व्याकरणांत ते सर्वांत आधीचे मानले जाते.

मराठीच्या वाट्याला हीच चौकट इंग्रजीमार्फत आली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला निघाले होते, पण ते इंग्रजीत होते. मराठी शाळांत व्याकरण रुजवले ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले तेव्हा दादोबांचे वय अवघे बावीस होते. त्या काळी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हाती लिंडले मरे याचे व्याकरण असे, आणि मरेच्या शब्दजाती नऊ होत्या. त्यांतली एक ‘आर्टिकल’. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत प्रतिरूप नाही. ते वगळले की उरतात आठ. रोमनांना पडलेला पेच अठरा शतकांनंतर मराठीपुढे आला. फरक इतकाच की या वेळी बेरीज आपोआप जुळली.

खरी अडचण ‘प्रीपोझिशन’पाशी आहे. या शब्दाचा अर्थच ‘पुढे ठेवलेला’. मराठीत हा शब्द नामाच्या मागून येतो, त्याला चिकटतो, वर नामाचे रूपही बदलायला लावतो: ‘झाड’चे ‘झाडा’ होते आणि मग ‘झाडाखाली’. आपल्या परंपरेने त्याला ‘शब्दयोगी’ म्हटले. माझ्या मते हे नाव मूळ इंग्रजी नावापेक्षा सरस आहे. ते जागेविषयी काहीच बोलत नाही, फक्त नाते सांगते.

पण नाव बदलल्याने गाठ सुटली नाही. ‘घरात’ आणि ‘घरामध्ये’ यांच्या अर्थात काय अंतर आहे? तरी पहिल्यातला ‘त’ सप्तमीचा प्रत्यय आणि दुसऱ्यातले ‘मध्ये’ शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत दोहोंसाठी एकच ‘इन’. कारण असे की मराठी व्याकरणाने विभक्ती संस्कृताकडून घेतली आणि शब्दजाती इंग्रजीकडून. दोन्ही याद्या आठांच्या. आणि ‘त’ व ‘मध्ये’ यांच्या मधोमध त्या एकमेकींवर आदळतात. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.

दादोबांच्या हयातीतच वाद पेटला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणावर आक्षेप घेणारे निबंध ‘शालापत्रका’त लिहिले, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या प्रचंड ग्रंथात पूर्वसूरींची मते एकेक करून तपासली. इंग्रजीचे अभ्यासकही आता आठांवर थांबत नाहीत. ‘द’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांना ते ‘डिटर्मायनर’ हा निराळा वर्ग देतात. शालेय पुस्तकांत मात्र आठ कायम आहेत.

जाता जाता एक प्रयोग करा. ‘वर जा’ आणि ‘टेबलावर ठेव’ या दोन वाक्यांतल्या ‘वर’ची जात लिहा: पहिल्यात क्रियाविशेषण, दुसऱ्यात शब्दयोगी. मग इंग्रजीतला ‘आफ्टर’ तीन वाक्यांत तीन जातींचा करून दाखवा.