वॉट महाग होते तेव्हा

लाउडस्पीकरला दिलेल्या विजेतला फार थोडा भाग आवाजात उतरतो; बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे आवाज किती मोठा येणार हे अॅम्प्लिफायरच्या वॉटइतकेच स्पीकरच्या कार्यक्षमतेवरही ठरते. यातल्या कशावर भिस्त ठेवायची, याचे उत्तर अमेरिकेत पन्नास वर्षांत उलटेपालटे झाले.

1920 च्या दशकात निर्वात नळ्यांचे अॅम्प्लिफायर मोजकेच वॉट देत. तेवढ्यात मोठे थिएटर भरायचे, तर कर्ण्याला पर्याय नव्हता. बेल प्रयोगशाळेतील वेन्ट आणि थुरास यांनी बनवलेला, वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 555 हा ध्वनिघटक बोलपटांच्या सुरुवातीला लांबलचक, वळणदार कर्ण्यांच्या मुळाशी बसवत. कर्णा ध्वनिघटकातल्या कंप पावणाऱ्या पडद्याची हालचाल हवेत नीट उतरवतो, म्हणून चांगल्या कर्ण्यात पाव हिस्सा वीज, कधी त्याहूनही अधिक, आवाज होऊन बाहेर पडे. अडचण एकच, आकार. पण चित्रपटगृहात चित्राच्या पडद्यामागे जागा असे.

घरात तेवढी जागा कुठली? जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेला कागदी शंकूचा स्पीकर हवा थेट हलवी. त्याची कार्यक्षमता कर्ण्यापुढे नगण्य, स्वर मात्र सरस. त्यावरून निघालेल्या ‘रेडिओला 104’ या स्पीकरच्या पेटीत अॅम्प्लिफायर होता अवघ्या 1 वॉटचा, आणि दिवाणखान्याला तो पुरत असे.

कानाचा हिशेब इथे महत्त्वाचा. वीज दुप्पट केली तर आवाजाची पातळी 3 डेसिबलने वाढते आणि कानाला जेमतेम फरक जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वीज लागते. म्हणजे 10 वॉटच्या जागी 20 वॉट घेऊन फारसे पदरात पडत नाही, उलट दहापट कार्यक्षम स्पीकर जोडला तर 10 वॉट 100 वॉटचे काम करतात.

1954 मध्ये एडगर व्हिलचर यांच्या एआर-1 या स्पीकरने वॉट आणि कार्यक्षमतेचा हा व्यवहार उघडपणे उलट्या दिशेने केला. लहान बंद पेटीतून खोल खर्ज काढायचा, तर कार्यक्षमता सोडावी लागे. त्यांनी ती सोडली, कारण वॉट स्वस्त होऊ लागले होते. पुढे ट्रान्झिस्टर आले. क्राउन कंपनीचा 1967 चा डीसी-300 अॅम्प्लिफायर दर चॅनेलला 150 वॉट देई. मग वॉट हा विक्रीचाच आकडा झाला आणि जाहिरातींत तो वाटेल तसा फुगवला जाऊ लागला. 1974 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अॅम्प्लिफायरची सलग देता येणारी शक्ती ठरावीक कसोटीने मोजून जाहीर करण्याची सक्ती केली. स्पीकरच्या कार्यक्षमतेला मात्र तो नियम लागू नव्हता.