पाणकणीस तुमच्या तलावात कुठवर आलंय?

उन्हाळा लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन बातम्या ठरलेल्या. एक, अमुक गावच्या तलावाच्या खोलीकरणाचं भूमिपूजन. दुसरी, अमुक गावचा तलाव मार्चमध्येच आटला. या धंद्यात आल्यापासून दोन्ही बातम्या मी कितीदा लिहिल्या, हिशेब नाही. दोन्हींच्या फोटोत पुढाऱ्यांच्या किंवा कोरड्या भेगांच्या मागे एक गोष्ट हमखास असते आणि ती बातमीत कधी येत नाही. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, तलवारीसारखी लांब हिरवी पानं आणि दांड्याच्या टोकाला तपकिरी, मखमली कणीस. हे पाणकणीस. कोणी रामबाण म्हणतात. आज त्याच्याबद्दल थोडं आणि त्याच्या निमित्तानं आपल्या मामा तलावांबद्दल जास्त. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

दिसायला गवत, पण हे गवताच्या कुळातलं नाही. टायफा नावाचं त्याचं स्वतःचं कुळ आहे आणि ते जवळपास जगभर पसरलेलं आहे. आपल्याकडच्या जातींचं कणीस नीट पाहा, त्याचे दोन भाग दिसतील. वरचा बारीक भाग नर फुलांचा, तो पराग सांडून झडून जातो. खालचा जाड तपकिरी भाग मादी फुलांचा. दोघांच्या मध्ये बोटभर उघडा दांडा. कणीस पिकून फुटलं की म्हातारीच्या केसांसारखा कापूस उडतो आणि प्रत्येक केसाबरोबर एक बारीक बी. एका कणसात लाखाच्या घरात बिया असतात. म्हणजे बी कुठून आलं हा प्रश्नच नाही, ते सगळीकडे पोहोचतंच. प्रश्न आहे ते रुजतं कुठे.

बी रुजायला लागतो ओला उघडा चिखल, नाहीतर घोट्याएवढं पाणी. एकदा रुजलं की चिखलातून आडवा कांदा सरकवत ते पुढे जातं. पण किती पुढे? साधारण कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या पाण्यापर्यंत. माणूस बुडेल अशा पाण्यात ते उभं राहू शकत नाही. कारण सोपं आहे. तळाच्या चिखलात हवा नसते, कांद्याला हवा मिळते ती पानांतल्या पोकळ्यांतून. पानं पाण्याच्या वर राहिली तरच खालचा कांदा जगतो.

आता हा नियम तलावाला लावून पाहा. पाणकणसाची रांग जिथे थांबते, तिथून पुढे पाणी खोल आहे. रांग दरवर्षी पाळीकडे सरकत असेल, तर तुमचा तलाव दरवर्षी उथळ होतोय. सरकारी मोजपट्टी नसेल तरी ही मोजपट्टी तलावात उभी आहे आणि तिला टेंडर लागत नाही!

महाभारताच्या मौसलपर्वात यादव आपसात लढून मेले, ते ज्या एरका गवतानं, ते एरका म्हणजे हेच असं पुष्कळ जाणकार मानतात. ‘यादवी’ हा शब्द आपण तिथूनच घेतला. आपल्या तलावांवरून गावागावांत जी यादवी चालते, तिचा साक्षीदारही हेच कणीस असावं, हा योगायोग म्हणा.

आता मूळ इतिहासाकडे. वैनगंगेच्या खोऱ्यातले हे तलाव मुख्यतः कोहळी समाजानं बांधले. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची ओळखच मोठमोठे तलाव बांधणारे अशी दिली आहे. चांद्याचा गोंड राजा काशीला गेला आणि येताना यांना घेऊन आला, ही त्यांची परंपरागत कथाही तिथे नोंदवली आहे. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यात भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा रिवाज सांगतात. तलावाखाली धान आणि ऊस. नवेगावबांधचा प्रचंड तलाव याच परंपरेतला. १ मे १९९९ ला जिल्हा फुटला तेव्हा तो गोंदियात गेला, पण त्याचा इतिहास आपल्या दोघांचाही आहे.

इंग्रजांच्या काळात तलावाची मालकी मालगुजाराकडे आली. म्हणून ‘माजी मालगुजारी’ आणि त्याचं कागदी लघुरूप ‘मामा’. बाहेरून आलेले अधिकारी विचारतात, कोणाचे मामा? मालगुजार काही देवमाणूस नव्हता. वेठबिगार होती, धाक होता, आणि पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार हे वाड्यावर ठरायचं. पण पाळ फुटली तर त्याचाही धान वाळायचा. गावकऱ्यांचे पाण्याचे, चराईचे, वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दस्तात लिहिलेले असायचे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की शेतकरी गाळ काढून बंड्या भरभरून बांधीत न्यायचे, कारण रासायनिक खत नव्हतं आणि गाळ हेच खत. उरलेल्या चिखलात गावची गुरं, म्हशी लोळायच्या. ज्या चिखलात पाणकणसाचं बी रुजतं, तोच चिखल दरवर्षी खणला, तुडवला आणि चरला जायचा. कणीस तेव्हाही होतं, पण काठाला. पानांच्या चटया व्हायच्या, पुढे यायला त्याला जागा मिळत नव्हती.

मग आला १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यावर माझा वाद नाही. पण मालक बदलताना रोजची देखभाल कोणाच्या गळ्यात, हे कोणी नीट ठरवलं नाही. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. दहा-अकरा वर्षांत तलावाचे इतके सासरे झाले. गावकरी म्हणे तलाव सरकारचा, सरकार म्हणे निधी नाही. त्यात युरिया आला, गाळाची बंडी थांबली. युरियाचं आणि गावच्या नालीचं पाणी तलावात उतरू लागलं, ते पाणकणसाला खुराक. पोटात अतिक्रमणं झाली. काठाला बेशरम पसरली, ती मूळची दक्षिण अमेरिकेची. आणि मधल्या उथळ पाण्यात पाणकणीस.

यात सगळ्यात जास्त मार बसला तो ढिवरांना. पाळीवरचा शेतकरी बोअर मारू शकतो, ढिवर काय करणार? मासा वाढतो तो पाण्याखालच्या मऊ वनस्पतींत. तिथेच अंडी, तिथेच पिल्लांचा आडोसा. पाणकणसाची दाट भिंत झाली की सावलीत त्या वनस्पती मरतात, जाळंही टाकता येत नाही. त्यात उत्पन्नासाठी कटला, रोहू सोडले, गवत्या मासाही आला. हा गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, १९५९ मध्ये भारतात आणला गेला. तो मऊ वनस्पती चट्ट करतो, जून पाणकणसाला तोंड लावत नाही. म्हणजे नको ते ठेवतो आणि हवं ते खातो.

इथे काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतील, वाढू द्या, पक्ष्यांना आसरा आहे. आहे ना! जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचे कोवळे कोंब खाते, त्यातच घरटं करते. सांडपाण्यातलं नत्र शोषून घ्यायलाही हे झाड उत्तम, जगभर त्यासाठी मुद्दाम लावतात. मुळासकट नायनाट करा असं मी म्हणतच नाही. पण हात न लावणं म्हणजे संरक्षण, हा समज भरतपूरला महागात पडला. केवलादेवला राष्ट्रीय उद्यान केल्यावर १९८२ मध्ये चराई बंद केली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि म्हशी गेल्यावर तिथलं पाणगवत इतकं माजलं की पक्ष्यांचंच उघडं पाणी गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासानं म्हशींचं काम किती मोलाचं होतं ते नंतर दाखवलं. आपल्याकडच्या सारसालाही चालायला उथळ, मोकळी पाणथळ लागते. भिंतीत तो उतरत नाही.

मार्ग काय? अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर महिलांनी आणि मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं तो करून दाखवलाय. बेशरम मुळासकट उपटली, आणि उन्हाळ्यात नांगरलेल्या तळात माशांच्या कामाच्या देशी पाणवनस्पती हातानं लावल्या, धानाच्या पऱ्ह्यासारख्या. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर लावायची, हे ज्ञान ढिवरांचंच. पुस्तक नंतर आलं.

आणि आपण काय करतो? पोकलेन लावतो. खोलीकरणाचं बिल घनमीटरवर निघतं, मग यंत्र सोयीचं पडेल तिथे सरळ खड्डा मारतं. उताराचा काठ, जिथे मासा अंडी घालतो, तो खरवडला जातो. काढलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्या पावसात परत पोटात, म्हणजे पाणकणसाला नवा ओला चिखल आयता. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात नेण्याची तरतूद आहे. ती जुनीच बंडी, फक्त डिझेलवर. ती नीट राबवा एवढंच म्हणणं आहे.

पाणकणीस जाळून जात नाही, उन्हाळ्यात जाळलं तर कांद्यातून दुप्पट फुटतं. ते कापायचं पाण्याखाली. पाणी असताना दांडा पाण्याच्या पातळीखाली कापला आणि तो बुडालेलाच राहिला, तर कांद्याची हवा तुटते, तो सडतो. विळा आणि चार माणसं पुरतात. काठाचा एखादा पट्टा पक्ष्यांसाठी ठेवायचा. हे काम रोजगार हमीतून ढिवर संस्थेला का देत नाहीत, हा प्रश्न यंदाच्या ग्रामसभेत कोणीतरी विचाराच.

आणि एक काम तुमच्यासाठी. आपल्या तलावाच्या पाळीवर उभं राहून पाणकणसाची रांग कुठे थांबते याचा फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांच्या लहानपणी ती कुठे होती. फोटो, गावाचं नाव आणि त्यांनी सांगितलेली जागा खाली टाका. सगळ्या नोंदी एकत्र करून पुढची पोस्ट लिहितो, आणि तीच यादी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागातही देतो.