ताजमहाल हॉटेलचे भूत आणि रावसाहेब वैद्य

सुटीच्या प्रवासात माणसास थोडी भीती हवीशी वाटते. घरी अंधारात माजघरात जाण्यास कचरणारा गृहस्थही झपाटलेले म्हणून गाजलेल्या वास्तूत हौसेने मुक्काम करतो. पूर्वी डाकबंगल्यातील खानसामे ही हौस गोष्टी सांगून भागवीत. पुढे ती मोठ्या हॉटेलांकडे वळली. मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलच्या भूतकथेमागे १९११ साली तेथे एका इंग्रज स्त्रीचा विषाने झालेला मृत्यू आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या कथेमागे मात्र असे काहीच नाही, आणि म्हणूनच ती तपासून पाहण्याजोगी आहे.

वापीला गाडी धरून मुंबईस जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती अपोलो बंदरावर ऐकली असेल. इंग्रज वास्तुशिल्पी आराखडा देऊन विलायतेस गेला. परतून पाहतो तो इमारत उलटी, समुद्राकडे पाठ करून उभी. निराशेने त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली आणि त्याचा आत्मा अद्याप तेथे वावरतो, अशी ती कथा.

वस्तुस्थिती वेगळी आहे. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलचे मूळ वास्तुशिल्पी दोन, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. दोघेही भारतीय. बांधकाम सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचे. आतील प्रसिद्ध जिनाही त्यांचाच. १९०० साली वैद्य निवर्तले. उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पूर्ण केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. इमारत उलटी झालीच नव्हती. घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून मुख्य प्रवेश पश्चिमेस ठेवला होता. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हता. तो १९२४ साली पुरा झाला. पुढे प्रवेश बंदराच्या बाजूस आला, जुन्या दाराच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, आणि मूळ योजना ठाऊक नसलेल्यांस मागची बाजू ही चूक वाटू लागली.

पाहता पाहता या कथेने निराळाच अन्याय केला. काम पुरे करणारा इंग्रज तिने कर्ता ठरविला, आणि काम अर्ध्यावर असताना खरोखर मृत्यू पावलेल्या मराठी माणसास तिने जागाच ठेवली नाही. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच वास्तूत पाहुण्यांना वाचविताना कर्मचारी प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्मारक आहे. खऱ्या मृतांची आठवण अशी ठेवावी लागते. कल्पित भुताची आपोआप राहते.

आपल्या दादरा-नगर हवेलीसही याचा अनुभव आहे. १९५४ च्या मुक्तिसंग्रामातील सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे सर्वांच्या ओठांवर आहेत, ती योग्यच. परंतु त्यांच्यासोबत आलेल्या इतर स्वयंसेवकांपैकी किती जणांची नावे आपली मुले सांगू शकतील? जुन्या वास्तूत मुक्कामास गेल्यावर भुताची गोष्ट जरूर ऐकावी. फक्त ती संपल्यावर, ही वास्तू बांधली कोणी, एवढे मुलांदेखत विचारावे.