घड्याळयंत्र : स्वनिर्मित व परनिर्मित

यांत्रिक मनगटी घड्याळाच्या कवचातील मुख्य कमान, दंतचक्रे व संतुलन चक्र यांच्या जुळणीस घड्याळयंत्र म्हणतात. विक्रेत्या कंपनीने ते स्वतः घडविल्यास स्वनिर्मित, इतरांकडून घेतल्यास परनिर्मित होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत आलेल्या स्विस कंपन्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात. ‘वेस्ट एंड’ कंपनी लाँजिनसारख्या कारखान्यांची यंत्रे वापरी. १८६५ पासून भारताशी व्यापार करणाऱ्या ‘फेवर-ल्यूबा’ने १९६० नंतरच्या दशकात दोन कमानपेट्यांचे स्वतःचे यंत्र काढले. त्यामुळे यंत्र पातळ ठेवूनही चक्रांना अधिक समान बल मिळे. ‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ने (एचएमटी) मधला मार्ग स्वीकारला. १९६१ मध्ये जपानच्या ‘सिटिझन’च्या सहकार्याने बंगलोर येथे कारखाना काढून परकीय आराखड्याचे यंत्र क्रमाने देशातच बनविले.

अचूकता निर्मात्याच्या नावावर नव्हे, तर संतुलन चक्राच्या जुळणीवर व नियमनावर अवलंबून असते. १९७३ मध्ये स्थापन झालेली स्विस क्रोनोमीटर परीक्षण संस्था यंत्राची पंधरा दिवस, पाच स्थितींत व तीन तापमानांत चाचणी घेते. सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतो. यंत्र स्वनिर्मित की परनिर्मित, हे पाहिले जात नाही.

टिकाऊपणाला मात्र सुट्या भागांची जोड लागते. विशिष्ट स्वनिर्मित यंत्र बंद पडल्यास त्याचे भाग दुर्मिळ होतात. एचएमटीचे घड्याळ-उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तथापि एकच यंत्र अनेक नमुन्यांत वापरलेले असल्याने एका घड्याळाचे भाग दुसऱ्यास बसतात आणि दुरुस्ती शक्य होते.